लेखक सापडत नाहीत म्हणे!

मे २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले आणि आमच्या लोकांनी ईद असल्यासारख्या एकमेकांना मुबारकबाद दिल्या. आम्हीही दिल्या. पण खरे सांगा वाचकहो, त्याच्या आदल्या दिवशी आपल्यापैकी किती जणांना या बाईंचे नाव ठाऊक होते? कर्नाटकातल्या हसनच्या या बाई अर्धशतक कन्नडमध्ये लिहीत आहेत. १९९९ साली त्यांना कर्नाटक साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथेवर गिरीश कासारवल्लींनी २००४ साली ‘हसीना’ हा चित्रपट काढला. ‘हार्ट लॅम्प’मधल्या बारा कथा १९९० ते २०२३ या काळातल्या आहेत. दीपा भास्तींनी त्या इंग्रजीत नेल्या, लंडनमध्ये शिक्का बसला, तेव्हा कुठे आम्हाला कळले की शेजारी कोणी राहते.

कन्नड वाचकाला मात्र लंडनची वाट पाहावी लागली नव्हती. तिथे ‘लंकेश पत्रिके’ नावाचे साप्ताहिक होते, बंडाय साहित्याची चळवळ होती. बानू मुश्ताक त्या साप्ताहिकासाठी वार्तांकन करीत. सारा अबूबकर यांची ‘चंद्रगिरिय तीरदल्ली’ ही कादंबरी आधी त्याच साप्ताहिकातून क्रमशः आली. कासरगोडकडची एक गृहिणी तलाक आणि हलाला यांवर लिहिते आणि संपादक ते आठवड्यामागून आठवडा छापतो! लेखक सापडतो तो असा. कोणी तरी पाने मोकळी ठेवतो, कोणी तरी अंक विकत घेतो, आणि पुढच्या आठवड्यात त्यावर भांडायला लोक तयार असतात.

आणि आम्ही काय करतो? संमेलने भरवतो. १९९० साली सोलापूरला फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. त्याच साली पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद यू. म. पठाण यांच्याकडे होते. छाती फुगावी असे ते वर्ष. तेव्हापासून मांडवात आम्ही भाषणे भरपूर ऐकली, ठराव हात वर करून संमत केले. मांडवाच्या कडेला पुस्तकांचे टेबल असते. त्या टेबलावर चहाचे कप ठेवणारेच जास्त. संध्याकाळी गठ्ठे होते तसे सुतळीने बांधून परत जातात. कवितासंग्रह निदान एकमेकांना भेट तरी दिले जातात. कथा-कादंबरी वाचायला वेळ लागतो, म्हणून तीही गत नाही.

हमीद दलवाईंचेच पाहा. १९६६ च्या सात महिलांच्या मोर्चाबद्दल आमच्यात आजही तावातावाने वाद होतो. शिव्या देणारे आहेत, जयजयकार करणारे आहेत. ‘लाट’ १९६१ साली आले, ‘इंधन’ १९६५ साली. मोर्चावर तासभर बोलणाऱ्याला ‘इंधन’मध्ये कोकणातल्या गावात परत आलेल्या त्या माणसाचे पुढे काय होते ते विचारा. बहुतेक वेळा गप्प बसतो. दलवाई कथाकार होते हे त्यांच्या शत्रूंना सोयीचे नाही आणि मित्रांनाही त्याची गरज वाटत नाही.

एका तालुक्याच्या ग्रंथालयात आम्हाला एका मुसलमान लेखकाचा कथासंग्रह ‘धर्म’ या कपाटात मिळाला. ग्रंथपालांना विचारले तर म्हणाले, “नावावरून लावलं साहेब.” त्या भल्या माणसाला हसण्याचा हक्क आम्हाला नाही. समीक्षकही नावावरूनच लावतात. आमच्या कादंबरीत त्यांना तलाक हवा, बुरखा हवा, दंगल हवी. ते नसले की ‘अनुभवविश्व हरवले’ असा शेरा. आमचे लोक उलट बाजूने तेच करतात. पात्र दारू प्यायले की ‘समाजाची बदनामी’. कथेतला माणूस हा कोणा एकाचा बाप किंवा भाऊ असू शकतो, तो सगळ्या कौमेचा वकील नसतो, हे दोघांनाही पटत नाही.

आणि आम्ही स्वतः? सांगतो. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका तरुण शिक्षकाने अंकासाठी कथा पाठवली. दोन भाऊ, वाटणीत आलेली एक विहीर, आणि तिच्यावरची एकच मोटार. आज कोणाची पाळी, वीज कधी येणार, यावरून दोन घरे तुटतात. धाकट्याची बायको रात्री दोन वाजता मोटार सुरू करायला जाते आणि तिथे मोठी जाऊ आधीच बसलेली असते. दोघी बोलतात ते दखनीत, शेतातले सगळे मराठीत. कथा चांगली होती, अजून आठवते. आम्ही त्याला लिहिले, “यात मुस्लिम जाणीव कुठे आहे? शिवाय संवाद प्रमाण मराठीत करावेत.” वर आमचे नाव मुस्लिम लेखकांचा अंक! ज्या पोराच्या घरात दखनी आणि शाळेत मराठी, त्याने त्या दोन्ही भाषा एका पानावर आणल्या, आणि आम्हाला त्या खटकल्या.

या वर्षी त्याला पत्र टाकले, ती कथा पुन्हा पाठवा म्हणून. त्याचे दोन ओळींचे उत्तर आले. घर बदलताना वही कुठे तरी गेली, आणि त्यानंतर काही लिहिले नाही. खाली आमच्या तब्येतीची चौकशी.

पुढच्या अंकात आम्ही तीस पाने अशांसाठी ठेवली आहेत ज्यांची कथा आजवर कुठेही छापून आलेली नाही. दखनीत बोला, कोकणी मुसलमानांच्या बोलीत बोला, पात्रांची नावे काहीही असोत. विषयाची अट नाही. कागदाच्या एकाच बाजूला लिहावे, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.