सत्तर किलोंची मर्यादा

कर्जत तालुक्यातील माथेरानच्या डोंगरावर मोटारगाड्यांना मज्जाव आहे. दस्तुरी नाक्याच्या पुढे पर्यटकांना घोडा लागतो, तसाच दुकानांच्या बऱ्याचशा मालालाही घोडाच लागतो. त्याच्या पाठीवर किती भार असावा, हे केंद्र सरकारच्या १९६५ च्या नियमांनी ठरविले आहे. तट्टासाठी ही मर्यादा ७० किलो आहे. दिवसभरात ९ तासांहून अधिक किंवा विश्रांतीविना सलग ५ तासांहून अधिक काम घेण्यासही मनाई आहे.

परंतु १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या ११ व्या कलमानुसार अतिभार लादणे, मारझोड करणे, उपाशी ठेवणे या अपराधांना पहिल्या वेळी दंड आहे अवघा १० ते ५० रुपये. जनावर ठार मारणाऱ्यास अथवा कायमचे निकामी करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमान्वये पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रोजच्या ओझ्याने झिजणाऱ्या जीवाचे मोल मात्र पन्नास रुपयांवरच थांबते. हा दंड वाढविण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. त्याचे कायद्यात रूपांतर व्हावे, यासाठी व्यापारी संघटनांनी आपापल्या खासदारांकडे आग्रह धरणे उचित ठरेल.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सर्वांना परिचित आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. ११ व्या कलमातील अपराध यांहून फारसे निराळे नाहीत. व्रत कृत, कारित आणि अनुमोदित असा तिहेरी दोष मानते. कायदाही केवळ भार लादणाऱ्याला नव्हे, तर लादविणाऱ्यालाही दोषी धरतो. म्हणून माल मागविणारा दुकानदार घोडेवाल्याकडे बोट दाखवून मोकळा होऊ शकत नाही.

हिशेब सोपा आहे. दोन्ही बाजूंना ५० किलोंची एकेक गोणी बांधली, की भार १०० किलो होतो, म्हणजे मर्यादेपेक्षा ३० किलो अधिक. त्याच साखरेच्या वा तांदळाच्या ३० किलोंच्या दोन गोण्या केल्या, तर भार ६० किलोंवर राहतो. खेपा वाढतील, भाडेही वाढेल. तो खर्च घोडेवाल्याच्या मजुरीतून न कापता मालाच्या खर्चात धरावा. कर्जत-खालापूर परिसरातून डोंगरावर माल धाडणाऱ्या पेढ्यांनी प्रत्येक गोणीवर वजन ठळक लिहिले, तर या मर्यादेचे पालन कायदा बदलण्यापूर्वीच, उद्याच्या खेपेपासून सुरू होईल.