मेथी नव्हे, मेधी!

वाचकहो, मागच्या हिवाळ्यात जळगावच्या आमच्या वस्तीतील काही कुटुंबांनी अजिंठ्याची सहल काढली. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी जळगावहून अंतर साठेक किलोमीटरच. भाकरी, ठेचा, पाण्याच्या बाटल्या असा सरंजाम घेऊन मंडळी एस.टी.ने निघाली. माहिती सांगण्याचे काम आमच्या गळ्यात पडले. आम्ही बी.कॉम., जन्म गेला जमा-खर्च लिहिण्यात! म्हणून आठ दिवस आधी वाचनालयातून पुस्तके आणली आणि परीक्षेसारखे शब्द पाठ केले.

दहाव्या लेण्यातल्या स्तूपापुढे आम्ही घसा साफ केला. "खालचा गोल चौथरा आहे ना, त्याला मेधी म्हणतात." मागून एक मावशी म्हणाल्या, "मेथी?" आम्ही म्हणालो, "मेथी नव्हे, मेधी! आणि वरचा घुमट म्हणजे अंड." झाले! पोरे फिसकन हसली, मोठ्यांनीही तोंडाला पदर-रुमाल लावले. "त्या अंडावर चौकोनी भाग दिसतो ती हर्मिका." लगेच प्रश्न आला, "ही कोणाची पोरगी?" सांचीच्या स्तूपाभोवती दगडी कठडा आहे, त्याला वेदिका म्हणतात. त्याच्या आडव्या दगडांना सूची, म्हणजे सुई आणि सर्वांत वरच्या दगडाला उष्णीष, म्हणजे पागोटे! हे सांगितल्यावर तर हसण्याला ऊत आला. आम्हीही हसलो. पण गंमत अशी, की परतताना लहानग्यांनाही मेधी, अंड, हर्मिका ओळीने पाठ होते.

पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रापुढे मात्र सारे गप्प झाले. आम्ही हळूच सांगितले, की युरोपात ओल्या चुन्यावर रंगवायचे, त्याला फ्रेस्को म्हणतात. इथली तऱ्हा वेगळी. माती, भुसा, गवताचे तंतू कालवून भिंत लिंपली, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि ती सुकल्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात रंग कालवून चित्रे काढली. याला टेम्परा म्हणतात. आमच्यातले एक भाऊ डाळ मिलमध्ये हंगामी कामाला आहेत. ते म्हणाले, "टेम्परा म्हंजे टेम्परवारी काय? आमच्यासारखं?" पुन्हा हशा! आम्ही म्हणालो, "भाऊ, ही टेम्परवारी दीड हजार वर्षे टिकली आहे!" भिंत लिंपण्याची रीत ऐकून एक आजी म्हणाल्या, "म्हणजे आमचंच काम की हे!" गेरूचा लाल आणि काजळीचा काळा तर त्यांच्या ओळखीचाच निघाला. निळ्या रंगाच्या दगडाचे नाव लाजवर्द, तो थेट अफगाणिस्तानातून येई. पोरांनी त्याचे नाव 'लाजरा दगड' ठेवले.

या सगळ्या हशात एक आठवीतली मुलगी मात्र हसत नव्हती. तिचे घर मूळचे धुळे जिल्ह्यातले, बोली अहिराणी. दुपारी भाकरी सोडल्यावर तिने आम्हाला विचारले, "काका, शब्दाला हसलेलं चालतं का?" चौकशी केली तेव्हा कळले. शाळेत स्वतःची ओळख सांगताना ती बोलून गेली, "मी बापाची मोठी आंडेर." अहिराणीत आंडेर म्हणजे मुलगी, आंडोर म्हणजे मुलगा. सारा वर्ग हसला, शिकवणारेही हसले. तेव्हापासून पोरीने वर्गात हात वर करणे सोडले होते.

आम्हाला भाकरी गोड लागेना. आम्ही तिला म्हणालो, "बेटा, शब्दाला खुशाल हसावे, बोलणाऱ्याला हसू नये. मघाशी आम्ही अंड म्हणालो, तुम्ही हसलात आणि शब्द शिकलात. तुझ्या वर्गाने शब्द शिकला नाही, तुलाच गप्प केले. चूक तुझी नाही."

मग तिला आणखी थोडे सांगितले. जुन्या शिलालेखांत चैत्यगृहाला चेतियघर म्हटले आहे. त्यातले घर आपलेच. नाशिकच्या लेण्यांत नहपान राजाची मुलगी दक्षमित्रा हिने ओवरक, म्हणजे खोली दान दिल्याचा लेख आहे. आपली ओवरी तिथूनच आली. कान्हेरीच्या लेखात दगड घडवणाऱ्या कारागिरांना सेलवढकी म्हटले आहे, म्हणजे दगडाचे सुतार. सुताराला हिंदीत आजही बढई म्हणतात. पुस्तकात जे शब्द अवघड वाटतात ते मुळात अशा कष्टकरी माणसांच्या तोंडचे होते. बाबासाहेबांनी स्वतः पाली शब्दकोशाचे काम केले, शासनाच्या ग्रंथमालेचा 16 वा खंड त्याचाच आहे. एवढ्या मोठ्या माणसाला एकेका शब्दाची किंमत होती.

परतीच्या गाडीत त्या पोरीने वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. एकीकडे मेधी, हर्मिका, लाजवर्द. दुसरीकडे आंडेर, आंडोर आणि आजीकडून विचारून घेतलेले शब्द. आम्ही कारकून माणूस, रकाने पाहून बरे वाटले!

माता-भगिनींनो, अशी एक वही तुमच्याही घरी असू द्या. मुलाने नवा शब्द आणला तर हसून विचारा, "म्हणजे काय रे?" आणि आजीचा शब्द ऐकून कोणी तिला हसले, तर त्यालाही तोच शब्द वहीत लिहायला लावा.