लवकर अर्ज करावा, पण हिशेब त्याआधी

इंदूरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. मुलगी बारावीत आहे, हुशार आहे आणि अमेरिकेतल्या एका नामवंत विद्यापीठात जायचे तिने मनाशी पक्के केले आहे. क्लासच्या सरांनी सांगितले, ‘अर्ली डिसिजनमधून अर्ज करा, संधी तिप्पट होते.’ त्या अर्जासोबतच्या करारावर पालकांचीही सही लागते. वडील तयार आहेत, वेळ पडली तर राहते घर गहाण ठेवू म्हणतात. आई विचारतात, ‘मी काय करू?’

असा प्रश्न आज अनेक घरांत पडतो. म्हणून आधी ही पद्धत समजून घेऊ.

अर्ली डिसिजन म्हणजे काय?

अमेरिकेतल्या बहुतेक नामवंत कॉलेजांत नेहमीचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत जातात आणि निकाल मार्चअखेरीस लागतो. अर्ली डिसिजनचा अर्ज मात्र साधारण १ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे आपल्याकडे ऐन दिवाळीच्या सुमारास, पाठवावा लागतो. निकाल डिसेंबरच्या मध्याला कळतो. अट एकच: असा अर्ज एकाच कॉलेजला करायचा आणि प्रवेश मिळाला तर तो घ्यायचाच, बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. तसे वचन विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक अशा तिघांनी सही करून द्यायचे असते. ते मोडले तर त्याच शाळेतून पुढे अर्ज करणाऱ्या मुलांकडेही संशयाने पाहिले जाऊ शकते.

महाराष्ट्रातल्या पालकांना अकरावीची केंद्रीय प्रवेशपद्धत ठाऊक आहे. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ते घ्यावेच लागते, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. अर्ली डिसिजनची जातकुळी तीच. फक्त येथे पसंती एकच आणि खर्च कितीतरी पट मोठा.

संधी खरेच वाढते का?

वाढते. ब्राउन विद्यापीठाचे उदाहरण घ्या. २०२३ च्या हिवाळ्यात तेथे अर्ली डिसिजनचे ६,२४४ अर्ज आले आणि ८९८ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे शंभरात सुमारे १४ जणांना. नेहमीच्या फेरीत हेच प्रमाण शंभरात चारही भरले नाही. पहिल्या वर्षाच्या जागा सुमारे १,७००. त्यातल्या निम्म्याहून अधिक डिसेंबरातच भरल्या.

कॉलेज असे का करते? प्रवेश देऊ केलेल्यांपैकी नक्की किती मुले येतील, ही कॉलेजची कायमची चिंता असते. सही केलेला विद्यार्थी येणारच, म्हणून त्याला झुकते माप मिळते. अ‍ॅव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर या अभ्यासकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दाखवले, की लवकर अर्ज करण्याचा फायदा सॅट परीक्षेत सुमारे १०० गुण जास्त मिळवण्याइतका असतो.

पण ‘तिप्पट संधी’ प्रत्येकाला मिळत नाही. या फेरीत प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू असतात, अनेक कॉलेजांत माजी विद्यार्थ्यांची मुलेही असतात. त्यांच्यामुळे आकडा फुगतो. आर्थिक मदत मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यासाठी तर बऱ्याच कॉलेजांत चाळणी आणखी बारीक असते, कारण तेथे त्याची पैशांची गरजही निवडीच्या वेळी पाहिली जाते. डार्टमथने २०२२ मध्ये आणि ब्राउनने २०२४ च्या अर्जांपासून परदेशी विद्यार्थ्यांसाठी ही अट काढून टाकली. अ‍ॅमहर्स्टमध्येही ती नाही.

खरी अडचण पैशांची

अशा कॉलेजांचा एकूण खर्च आज वर्षाला सुमारे ९० हजार डॉलर, म्हणजे ७५ लाख रुपयांहून अधिक आहे, आणि शिक्षण चार वर्षांचे! नेहमीच्या फेरीत तीन-चार कॉलेजांची उत्तरे हाती येतात. कोण किती मदत देते ते शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. अर्ली डिसिजनमध्ये ही तुलना करता येत नाही. मिळालेली मदत खरोखरच अपुरी असेल तर कॉलेज वचनातून मोकळे करते, पण ‘दुसरीकडे जास्त मिळाले असते’ हे कारण तेथे चालत नाही. शिवाय, प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही तर अनेक कॉलेजे परदेशी विद्यार्थ्याला पुढेही ती देत नाहीत. ‘आधी प्रवेश मिळू दे, मग बघू’ हा हिशेब म्हणूनच महागात पडतो.

सधन घरांनाच या पद्धतीचा अधिक लाभ होतो, हा आक्षेप जुना आहे. हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २००६ मध्ये लवकर प्रवेश बंद करण्याचे जाहीर केले होते, पण २०११ मध्ये ते पुन्हा सुरू केले. या दोन्ही ठिकाणी, तसेच येल व स्टॅनफर्डमध्ये, लवकर अर्ज केला तरी प्रवेश घेण्याचे बंधन नाही. उत्तर देण्यासाठी १ मेपर्यंत मुदत असते.

सही करण्यापूर्वी

तेव्हा ताई, तिघे एकत्र बसा आणि कागद-पेन्सिल घ्या. राहत्या घराला हात न लावता दरवर्षी किती रक्कम देता येईल, तो आकडा लिहा. आर्थिक मदतीचे नियम त्या कॉलेजला आत्ताच पत्राने विचारा. मग मुलीला विचारा, ‘दुसरे कुठलेही कॉलेज यापेक्षा जास्त शिष्यवृत्ती देत असते, तरी तू इथेच गेली असतीस का?’

तिचे उत्तर ‘हो’ असेल आणि आकडाही जमत असेल, तर निश्चिंत मनाने सही करा. दोन्हींपैकी एकही डळमळत असेल, तर जानेवारीत चार-पाच कॉलेजांना अर्ज करा. संधी थोडी कमी होईल, पण एप्रिलमध्ये निवड तुमच्या हाती राहील. आणि मुलीला हे आजच मोकळेपणाने सांगा. डिसेंबरात प्रवेशाचे पत्र हातात आल्यावर ‘नाही’ म्हणणे तिला फार जड जाईल.