उसाच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर लागला, पण मागचा दिवा का लागत नाही?

गाळप हंगाम आला की रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम निघते, फोटो छापून येतात. ते चांगलंच आहे. पण रिफ्लेक्टर मागच्या गाडीचा उजेड पडला तरच चमकतो, आणि त्यावर वाढे लोंबले की तोही झाकतो. ट्रॅक्टरने ब्रेक मारला की उजवीकडे वळतोय, हे तो सांगत नाही. ते काम दिव्याचं.

दिवे बंद का, याचं उत्तर फडात सापडतं. भरलेल्या दोन ट्रॉल्या एकदम निघत नाहीत. एकेक ओढून रस्त्यावर आणायची, मग जोडायची. प्रत्येक वेळी हुकाबरोबर वायरचा प्लगही काढावा लागतो. हुक परत बसतो, प्लग लोंबत राहतो, चाकाखाली जातो. मागच्या ट्रॉलीपर्यंत करंट पोहोचणार कसा?

प्लग बसवूनही दिवे लागत नसतील, तर ड्रायव्हर आधी बल्ब बदलतो. बऱ्याचदा दोष अर्थिंगचा असतो. अनेक ट्रॉल्यांना अर्थिंगची वेगळी वायर नसते, परतीचा करंट हुक-पिनमधूनच येतो. तिथे गंज, चिखल, ग्रीस. खूण सोपी आहे: इंडिकेटर दिला की टेललाइट मिणमिणतो, किंवा ब्रेक दाबला की भलताच दिवा उजळतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक वायर थेट दिव्याच्या बॉडीला लावून बघावी. दिवा नीट लागला तर बल्ब ठीक, अर्थिंग खराब. मग प्लगमधूनच अर्थिंगची स्वतंत्र वायर न्यावी आणि चेसीवर रंग खरवडून घट्ट आवळावी.

फ्यूज वारंवार उडत असेल तर वायर कुठेतरी चेसीला घासून सोललेली असते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणं हा जुगाड नव्हे, आगीला आमंत्रण आहे. खाली वाळलेलं पाचट असतं.

खरी अडचण वेगळीच आहे. ट्रॅक्टर एकाचा, ट्रॉली दुसऱ्याची, ड्रायव्हर हंगामापुरता, खेपेची घाई. वायरिंग कुणाचंच नाही. दंड मात्र रस्त्यावर सापडेल त्याला, तोही अधूनमधून. ट्रॉली प्रत्येक खेपेला कारखान्याच्या काट्यावर दोनदा येते, भरलेली आणि रिकामी. रिकामी बाहेर पडताना टेललाइट, ब्रेक आणि दोन्ही इंडिकेटर बघायला मिनिटही लागत नाही. दिवा नाही तर पुढच्या खेपेची चिठ्ठी नाही, एवढं कारखान्याने ठरवलं तर प्लग लोंबत राहणार नाही.