पनवेलचा बंब आणि ‘रॉकेट’च्या २५ नळ्या

१/८
पनवेलचा इतिहास सांगताना १८५२ ची नगरपालिका, बंदर आणि जुने वाडे यांचा उल्लेख होतो. त्याच वाड्यांच्या न्हाणीघरातील तांब्याचा बंब मात्र त्यात क्वचितच येतो. वाडा पडतो, बंब मोडीत जातो आणि एका यंत्राचा पुरावा नष्ट होतो.

२/८
बंबाची रचना पाहावी. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळीवर निखारे, भोवती पाणी. चुलीवरील हंड्याच्या बगलांनी बरीच उष्णता निसटते; बंबात आगच पाण्याने वेढलेली असते.

३/८
तापलेले पाणी हलके होऊन वर चढते. म्हणून अनेक बंबांत नरसाळ्यातून ओतलेले गार पाणी तळाशी पोहोचते आणि तेवढेच कढत पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडते.

४/८
हेच तत्त्व वाफेच्या इंजिनात दिसते. १८२९ मध्ये इंग्लंडमधील रेनहिलच्या स्पर्धेत स्टीफन्सन यांचे ‘रॉकेट’ विजयी झाले. आधीच्या अनेक इंजिनांच्या बॉयलरमधून एकच मोठी नळी जात असे. ‘रॉकेट’मध्ये तांब्याच्या २५ नळ्या होत्या.

५/८
गणित सोपे आहे. नळ्यांच्या तोंडांचे एकूण क्षेत्रफळ तेवढेच ठेवून एकीऐवजी २५ नळ्या घेतल्या, तर प्रत्येकीचा व्यास एकपंचमांश होतो, पण उष्णता देणारा पृष्ठभाग पाचपट होतो. मात्र अरुंद नळ्यांत वायूला अडथळाही वाढतो. ‘रॉकेट’मध्ये वापरून झालेली वाफ धुराड्यात सोडून ही ओढ वाढवली होती.

६/८
आज पनवेलशेजारच्या तळोज्यासारख्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक उद्योगाला लागणाऱ्या उष्णता-विनिमयकांत एका कवचात शेकडो नळ्या असू शकतात. प्रश्न तेच: पृष्ठभाग किती, प्रवाहाला अडथळा किती? शत्रूही जुनेच: नळ्यांवर साचणारे क्षार आणि काजळी.

७/८
यावरून ‘रॉकेट’ आपल्या बंबावरून सुचले, असा दावा करणे चूक ठरेल. रशियन सामोवारातही मध्ये आगीची नळी आणि भोवती पाणी अशीच मांडणी असते. वस्तू प्रथम कोणाची, या वादापेक्षा ती कशी चाले आणि कोणी घडवली, हे प्रश्न अधिक मोलाचे आहेत. अभिमानाला मोजपट्टी लागत नाही, उपेक्षेलाही नाही, इतिहासाला लागते.

८/८
म्हणून घरचा बंब मोडीत देण्यापूर्वी नळीचा व्यास, बंबाची उंची, त्यात मावणारे पाणी, तोटीची जागा आणि असल्यास कारागिराची खूण नोंदवावी, छायाचित्रे काढावीत. घरातील वडीलधाऱ्यांना तो कोठून आणला, हे विचारावे. तांबे पुन्हा तांबे म्हणून विकले जाईल. त्यातील रचनेची माहिती मात्र पुन्हा मिळणार नाही.