दोष संहितेचा की प्रयोगाचा?



‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक नाना फडणवीसांची बदनामीच करते, मग प्रयोग कोणीही बसवो, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला मुळीच मान्य नाही. डॉ. जब्बार पटेल यांनी १९७२ साली पुण्यात बसवलेल्या प्रयोगात डुलणारी, नाचणारी ब्राह्मणांची मानवी भिंत होती, भास्कर चंदावरकरांचे संगीत होते. भिंत तल्लीन होऊन गाते, तिच्याआड अन्याय घडतो आणि आपण मात्र ताल धरलेला असतो! प्रेक्षक अस्वस्थ होतो तो तिथे. समूहाची ही शिस्त ढिली पडली, की रंगमंचावर उरतो एकटा लंपट नाना. मग राग येणारच. बदनामीचे म्हणाल तर, हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे खुद्द नाटककार तेंडुलकरांनीच स्पष्ट केले होते. पत्रलेखकांनी एखादा कसलेला संच पाहावा आणि मग निवाडा द्यावा.

— एक नाट्यप्रेमी, पुणे