नगराध्यक्ष साहेब, सेल्फी पॉइंट नंतर!

चौकात सेल्फी पॉइंट झाला, अभिनंदनाचे फ्लेक्सही लागले. (फ्लेक्सला परवानगी होती का, हे विचारणं मी सोडलंय.) नळाला पाणी मात्र पाचव्या दिवशीच. १९६५ चा नगरपरिषद कायदा उघडा साहेब: पाणी, गटारं, सफाई, दिवाबत्ती ही पालिकेची बंधनकारक कामं. सेल्फी पॉइंट त्यात कुठंय?

आणि 'जनसंवाद' म्हणे! फेसबुक लाइव्हवर, तोही कमेंट बंद ठेवून. खेड्यातल्या सरपंचाला ग्रामसभेत उभं राहून उत्तर द्यावं लागतं. ७४ व्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या ३ लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येच्या शहरांना. आपलं गाव त्यात बसत नाही. म्हणून स्वतःहून प्रभागसभा घ्यायला कुणी हात धरलेत का? बजेटच्या आधी एक घ्याच. ठेकेदार नकोत, टँकरच्या रांगेतल्या बायकांना बोलवा. मीही वही घेऊन येतो.